काठीसकट

मिरज स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर एका माणसानं माझ्या पायावर पाय दिला, माझ्या काठीत अडकला आणि धाडकन आडवा झाला.

"दिसत नाही का हो?" मी ओरडले.

"नाही…" खालून आवाज आला. "म्हणजे… दिसतं. पण आत्ता नाही. डोळ्यांना रुमाल बांधलाय."

असलं उत्तर मी जन्मात ऐकलं नव्हतं. कपडे झटकल्याचा आवाज आला, मग क्षणभर काहीच नाही. त्यानं रुमाल सोडला असणार आणि माझ्या हातातली पांढरी काठी बघितली असणार, कारण पुढचं वाक्य त्याच्या घशातच अडलं.

"अरे… सॉरी. मला माहीत नव्हतं, तुम्ही…"

"मलाही दिसत नाही," मी म्हटलं. "फक्त मी रुमाल बांधलेला नाही."

माझं हे बोलणं ऐकलं की लोक 'अरेरे' म्हणतात. तो हसला. अगदी मोकळा, स्वतःवरच हसला. त्या दिवशी मला त्या हसण्याची फार गरज होती. तासाभरापूर्वीच दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते की उजव्या डोळ्यात उरलेली उजेडाची जाणीवही आता फार दिवस टिकणार नाही. डोळ्यांच्या पडद्याचा आजार. एकोणिसाव्या वर्षी सुरू झाला आणि सहा वर्षांत सगळं घेऊन गेला. आबा, म्हणजे माझे वडील, दवाखान्यातून निघाल्यापासून एक शब्द बोलले नव्हते. चहा आणायला गेले होते ते तिकडंच थांबले होते. रडत असावेत.

"हे काय चाललंय तुमचं?" मी विचारलं. "भर स्टेशनात आंधळी कोशिंबीर?"

"पट्टा तपासतोय." तो माझ्या बाकावर बसला. अंतर ठेवून. "मी साईराज. सांगलीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. कमरेला पट्टा आहे, छातीवर काडेपेटीएवढी डबी. डबीतून आवाज सुटतात, आपल्याला ऐकू न येणारे. समोरच्या वस्तूवर आपटून ते परत येतात, वटवाघळासारखं. वस्तू डावीकडं असली की पट्टा डावीकडं थरथरतो, उजवीकडं असली की उजवीकडं."

"मग माझी काठी कशी नाही सापडली त्याला?"

"ती… खाली होती."

"माझा पायपण खालीच होता. पाय खालीच असतात माणसांचे."

तो पुन्हा हसला. मग जरा चाचरत म्हणाला, "तुम्ही घालून बघाल एकदा? खरं सांगेल असं कुणी मिळत नाही मला."

"पहिल्या भेटीत कंबरपट्टा?" मी म्हटलं. "आमच्याकडं त्याच्याआधी बरंच काही विचारतात."

म्हटलं खरं, आणि कानापर्यंत तापले. नेमके त्याच वेळी आबा चहा घेऊन आले, आणि गाडी लागायच्या आत नाव, गाव, नंबर सगळं व्यवस्थित आबांच्या देखतच दिलं गेलं.

मी राजनंदिनी. आमचं गाव फलटण तालुक्यातलं, चहूकडं ऊस. लोणंदच्या एका बँकेत मी कारकून आहे. कॉम्प्युटर बोलतो, मी ऐकते आणि काम करते. आबा मला रोज मोटरसायकलवरून फाट्यावर सोडत, कंडक्टर एसटीत बसवी, लोणंदला उतरवी. स्टँडपासून बँकेपर्यंत चारशे पावलं. त्या चारशे पावलांत मला कुणी धरत नसे. दिवसभरात तेवढंच चालणं माझं एकटीचं होतं, आणि ते मी काठी टेकत, मुद्दाम सावकाश चालायची.

साईराज रविवारी सकाळच्या गाडीनं लोणंदला येऊ लागला. मी पट्टा बांधायची, हातात काठी घ्यायची, आणि स्टेशनपासून बाजारापर्यंत आम्ही जायचो. तो चार पावलं मागं. कांद्यानं भरलेल्या गाड्या, आडव्या लावलेल्या दुचाक्या, मध्येच उभी गाय… पट्टा एकसारखा गुरगुरायचा.

"खांब आणि गाय याला सारखीच," मी तक्रार केली. "खांब लाथ मारत नाही."

"लिहून घेतो."

"आणि गर्दीत हा वेडापिसा होतो. पोटात फुलपाखरं सोडल्यासारखं वाटतं."

"ते पट्ट्यामुळंच ना?"

मी चालत राहिले. पण मागून त्याच्या पावलांचा ताल चुकला एवढं कळलं.

नंतर आम्ही स्टेशनबाहेरच्या हॉटेलात बसायचो. तो सांगलीहून भडंग आणायचा. त्याच्या हातांना तारा जोडताना द्यायच्या डाखाच्या धुराचा वास असायचा. मला काहीही देताना तो आधी सांगायचा, 'कप तुझ्या उजव्या हाताला ठेवलाय', आणि मग ठेवायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही आठवत नाही.

त्यानं हे यंत्र का हाती घेतलं, तेही तिथंच कळलं. त्याच्या आईची, अंजनाकाकूंची, नजर साखरेच्या आजारात गेली होती. चार वर्षं झाली. तेव्हापासून त्या स्वयंपाकघर आणि पुढची खोली यापलीकडं गेल्या नव्हत्या. "आईला एकदा उंबऱ्याबाहेर पडलेलं बघायचंय मला," तो म्हणाला होता. त्याचा आवाज इतका हळू झाला की शेजारच्या टेबलावरचे चमचे मोठे वाटले.

एकदा त्यानं विचारलं, "तुला अगदी शेवटी स्पष्ट काय दिसलं होतं?"

"उसाचे तुरे," मी म्हटलं. "थंडीतले. सकाळी ऊन मागून आलं होतं, आणि सगळं रान पांढरं… हलत होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं की हे शेवटचं. नाहीतर जास्त वेळ उभी राहिले असते."

त्यानं माझ्यासाठी अजून एक चहा सांगितला. मग म्हणाला, "मी कसा दिसतो ते तू कधी विचारलं नाहीस."

"विचारलं तर चांगला दिसतो म्हणून सांगशील. खरं कसं कळणार?"

"बोटांनी बघतात ना…"

"सिनेमात बघतात. कुणाच्याही तोंडावर हात फिरवायला मी काय न्हावी आहे?"

इतका हसला की चहा सांडला. टेबल पुसताना त्याचा हात माझ्या हाताला लागला, आणि दोघांनीही तो जरा उशिरानंच काढला.

एकच गोष्ट मी त्याला दोनदा सांगितली होती. पट्ट्याला समोरचं कळतं, खालचं कळत नाही. पायरी संपते, रस्ता खचतो, तेव्हा समोर काहीच नसतं, म्हणून पट्टा गप्प बसतो. काठी मात्र तिथं पोकळीत जाते आणि मला थांबवते. "पुढच्या पट्ट्यात करू," तो दोन्ही वेळा म्हणाला होता.

दिवाळीनंतर त्याच्या कॉलेजात मोठं प्रदर्शन होतं. पुण्याची एक कंपनी पट्टा बघायला येणार होती. पसंत पडला तर त्यांच्या कारखान्यात असे पट्टे हजारांनी बनणार होते. साईराजनं आदल्या दिवशी फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "एक मागू?"

"माग."

"उद्या… काठी नको घेऊस. फक्त उद्याच्या दिवस. काठी दिसली की लोकांना वाटतं, ही काठीनंच चालतेय. कॉलेजच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत दीडशे पावलं आहेत. मी बाजूलाच आहे."

मला नाही म्हणता आलं असतं. माझी जीभ काही जड नाही. पण त्याच्या आवाजात इतकी आशा होती, आणि ती आशा मला माझ्या हातानं मोडायची नव्हती. मी म्हटलं, "बरं."

शंभर पावलं मी सरळ गेले. मागं माणसं बोलत होती, कुणीतरी चित्रण करत होतं. पट्टा गप्प होता, म्हणजे वाट मोकळी. एकशे दहाव्या का बाराव्या पावलाला पायाखाली काही लागलंच नाही.

गटारीवरची फरशी कुणीतरी काढून ठेवली होती. साईराज ओरडला तेव्हा मी आत होते.

डावं मनगट दोन ठिकाणी मोडलं. कपाळाला सात टाके. मिरजेच्या दवाखान्यात मनगटात धातूची पट्टी बसवली. शुद्धीवर आले तेव्हा खोलीबाहेर आबांचा आवाज येत होता. ते ओरडत नव्हते, त्यामुळं जास्त भीती वाटली.

"तुमचं शिकून झालं असंल, तर आता जावा तुमी," ते म्हणत होते. "माझी पोरगी हाय ती. काय तपासायचं सामान न्हाई."

साईराजची पावलं लांब जाताना मी ऐकली. मी हाक मारायला हवी होती. पण खरं सांगायचं तर मला वाटलं, तो वळेल.

तो वळला नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला. माझा फोन मला निरोप वाचून दाखवतो, भाव नसलेल्या सपाट आवाजात. 'माफ कर. माझ्यामुळं झालं. मी पुन्हा तुझ्या वाटेत येणार नाही.' मी तो चार वेळा वाचून घेतला. त्या यंत्राच्या आवाजात कुठं रडू सापडतंय का, ते शोधत होते.

मग सहा आठवडे घर. हात गळ्यात अडकवलेला. आई मला वाढायची, भरवायला बघायची. आबा एका संध्याकाळी जवळ येऊन बसले.

"नंदे, बास आता ती बँक. घरात काय कमी हाय व्हय तुला? आमी हाय तवर तुला उंबऱ्याभायेर पाय टाकायची गरज न्हाई."

"आणि तुम्ही नसाल तवा?"

ते उठून गेले. मला वाईट वाटलं. पण तेव्हाच मला अंजनाकाकू आठवल्या, न भेटलेल्या. उंबऱ्याच्या आत बसलेल्या. आणि माझ्या अंगावर काटा आला.

प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठी घेतली, आणि म्हटलं, "आबा, मी सांगलीला चाललेय. एकटी."

आई काहीतरी बोलायला लागली, आबांनी तिला थांबवलं. मोटरसायकलची किल्ली खुंटीवरून काढल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "लोणंदपातुर सोडू का?"

"सोडा. पण गाडीत बसवू नका."

त्यांनी बसवलं नाही. मी काठीनं फलाट आणि डबा यांतली फट शोधली, दांडी धरली, चढले. खिडकीशी बसले. गाडी हलेपर्यंत बाहेर, माझ्या अगदी जवळ, कुणीतरी श्वास रोखून उभं होतं. आबाच. गाडी सुटली आणि मला एकदम हुंदका आला.

सांगलीत उतरून साईराजनं कधीतरी सांगितलेल्या गल्लीचा पत्ता चौघांना विचारला. दोघांनी चुकीचं सांगितलं, एका बाईनं हाताला धरून भलत्याच रस्त्यावर नेऊन सोडलं. शेवटी एका रिक्षावाल्यानं थेट दारात उतरवलं. मी कडी वाजवली.

"साईराज न्हाई घरात," आतून आवाज आला. "कोण हाय?"

"मी राजनंदिनी. फलटणकडची."

कडी काढायला वेळ लागला. दाराच्या लाकडावरून हात चाचपडत खाली येत होता, ते मी ऐकलं. दार उघडलं. दोघी समोरासमोर उभ्या राहिलो, आणि दोघींनाही एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं.

"एकटी आलीस?" अंजनाकाकूंनी विचारलं.

"हो."

"फलटणपास्नं?"

"हो, काकू."

त्यांनी माझा हात शोधला, आणि मनगटावरच्या व्रणावर त्यांची बोटं थांबली. "यी, आत यी."

त्यांनी सांगितलं, साईराजनं पट्टा कपाटात टाकलाय. कंपनीला नाही म्हणून कळवलंय. पुण्यात दुसरी नोकरी धरलीय, सोमवारी जाणार. जेवत नाही नीट.

"तुम्ही कधी घातला होता तो पट्टा?" मी विचारलं.

"न्हाई. तो म्हणायचा, आई घाल, भायेर जा. म्या म्हणायची, कुठं जाऊ? मला कुठं जायाचंय, ते कुणी इचारलंच न्हाई बघ."

"कुठं जायचंय?"

एवढी साधी गोष्ट बोलायला त्यांना लाज वाटत होती. "मंडईत," त्या म्हणाल्या. "वांगी माझ्या हातानं निवडून घ्यायचीत. ह्यो पोरगा लय निबर वांगी आणतो."

मला हसू आलं, त्यांनाही आलं. आणि त्याच वेळी दारात पावलं थांबली. ती पावलं मी कुठंही ओळखली असती.

"नंदा…?" साईराजचा आवाज फाटला. "तू… कुणाबरोबर आलीस?"

"कुणाबरोबर नाही. बस."

तो बसला नाही. "मी तुला तोंड दाखवायच्या लायकीचा…"

"तोंड मला तसंही दिसत नाही." "मी भांडायला आलेय. तू मला पाडलंस म्हणून नाही. काठी मी सोडली. दोनदा सांगूनही तू ऐकलं नव्हतंस, मला माहीत होतं की खालचं कळत नाही, तरी सोडली. का सोडली असेल?"

त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली.

"पट्ट्यासाठी नाही. तुझ्यासाठी. तुला बरं वाटावं म्हणून. एवढंसुद्धा कळलं नाही तुला? चूक अर्धी तुझी आहे, अर्धी माझी. पण माझ्या वाट्याची शिक्षासुद्धा तूच ठरवलीस. पुन्हा वाटेत येणार नाही म्हणे! मला विचारलंस? मला तू वाटेत हवा आहेस की नको?"

अंजनाकाकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. भांडं उगाचच मोठ्यानं आपटलं, म्हणजे आम्हाला कळावं की त्या ऐकत नाहीत.

साईराज माझ्यासमोर खाली जमिनीवर बसला. "त्या फरशीजवळ मी होतो, नंदा. चार पावलांवर. मी त्या कंपनीवाल्यांच्या तोंडाकडं बघत होतो. तुझ्याकडं नाही. रोज तेच दिसतं मला. म्हणून पळालो."

हे मला माहीत नव्हतं. ते ऐकून लागलं. नाही म्हणत नाही, फार लागलं. पण त्यानं ते लपवलं नाही, आणि त्या सपाट निरोपाच्या दिवसापासून त्याच्या खऱ्या आवाजासाठीच मी कान लावून बसले होते.

"मला काठीसकट घेशील?" मी विचारलं. "लोकांसमोरसुद्धा?"

"घेईन," तो म्हणाला. "तू मला घेशील… पळून गेलेल्याला?"

मी हात पुढं केला. त्यानं दोन्ही हातांत धरला, मोडलेलं मनगट सांभाळून, आणि कपाळ त्यावर टेकवलं. माझी बोटं ओली झाली.

तो पुण्याला गेला नाही. नवीन काम सुरू झालं. या वेळी डबी छातीवर नव्हती, नडगीवर होती, जमिनीकडं तोंड करून. काठी हातात ठेवूनच चालायचं, हे पट्ट्याच्या माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं. मी दर रविवारी सांगलीला जायची. काकूंना मी काठी शिकवली, आधी अंगणात, मग गल्लीत. मार्च महिन्यात एका सकाळी काकू काठी आणि पट्टा घेऊन मंडईत गेल्या. आम्ही दोघं बरंच मागं होतो. त्यांनी भाजीवालीशी इतकी हुज्जत घातली की भोवती माणसं जमली. साईराज माझ्या शेजारी उभा राहून नाक ओढत होता.

त्याच्या पुढच्या आठवड्यात तो आमच्या घरी आला. आबांसमोर बसला. मी सोप्याच्या खांबाला टेकून उभी होते.

"तुमच्या यंत्रातलं मला काय कळत न्हाई," आबा म्हणाले. "पोरगी पडली, त्ये म्या धरून बसलो न्हाई. चालणारं माणूस पडतंच. पर ती पडली तवा तुमी निघून गेला व्हता."

"तुम्ही जा म्हणाला होता…" मी मध्ये बोलले.

"म्या म्हणालो. त्यांनी जायाचं व्हतं का?"

साईराजनं मला त्याची बाजू घेऊ दिली नाही. "आबा, बरोबर आहे तुमचं. मी जायला नको होतं. तुम्ही हाकललंत तरी दारात बसायला हवं होतं. पुन्हा पडेल ती. मीही पडेन. पण मी जाणार नाही."

बाहेर उसाच्या पाटाचं पाणी वाहत होतं. मला वाटलं, आता ते नाही म्हणणार.

"नंदे," ते म्हणाले.

"काय, आबा?"

त्यांनी घसा साफ केला. शाळा, दवाखाने, नोकरीचा अर्ज, सगळं त्यांनीच माझ्यासाठी ठरवलं होतं, मायेनंच. त्यामुळं पुढचे शब्द त्यांना जड गेले.

"तुझं काय म्हणणं हाय?"

मी खांब सोडून सरळ उभी राहिले.

"मला हा हवाय, आबा," मी म्हटलं.